थोरली ‘चालंल’ म्हनली

कोन म्हनला, बंगल्याच्या गेटवरचा वॉचमन? माजं नाव घिऊन म्हनला, सारजाबाईनंच चालंल म्हनलंय म्हनून? — बरं. आदी तू बस तानू, आशी उंबऱ्यात उबी ऱ्हाऊन थोरल्या जावंची झाडाझडती घेतीस व्हय. बस खाली. धनाजीचं कोपर कसं हाय? सुजलंय? हळद लावलीस का न्हाई नवऱ्याला? आनि ती दुसरी शेळी, ती तरी उटली का? — गेली? गाभन हुती ग ती. काल डांबरीवर त्या मोटारीनं उडवल्यावर मी पळत आले, तवा तू माज्याकडं बगितलंच न्हाईस. मला वाटलं, हिला रडू येतंय म्हनून बगत न्हाई. म्हनजी वॉचमनचं बोलनं तवाच ठावं हुतं तुला? — बग. आनि मी आपली तुज्या पाटीवरनं हात फिरवतीया, त्या मोटारवाल्याला शिव्या घालतीया. तू हात झटकला न्हाईस, त्यो तुजा चांगुलपना.

न्हाई, टाळत न्हाई मी. सांगतीया ना. पर मला मधनंच सांगाय येत न्हाई, पयल्यापास्नं सांगाय लागंल. ती क्षितिजा म्याडम — बंगल्याची म्यानेजर — शिमग्याच्या आदी वाडीवर आलती. उन्हाची, गाडी खाली सोडून, चालत. हितंच बसली, ह्या घोंगड्यावर, आनि म्हनली, आजी, बंगला बांदून शंभर वर्सं झाली, राजेसाहेबांच्या टायमाला हितं लाटसाहेब ऱ्हायले, आता हाटेल झाल्यापास्नं कुटनं कुटनं मानसं येत्यात, पर शेजारची वाडी कदी आत आली न्हाई, तर तुमी वाडीच्या थोरल्या, एक रात पावनी म्हनून या. आसं बोलली ग. तुज्याम्होरंच बोलली. तूच म्हनलीस, आक्का जावा, बगून या, मग आमाला सांगा. म्हनलीस का न्हाई? मग खाली जाऊन गाडीत बसताना माजा पदर दारात आडकला तर तूच त्यो आत घेतलास. आनि धनाजी काय म्हनला ती बी तू ऐकलंस. दावं वळत बसला हुता, मान खाली घालूनच म्हनला, वैनी, जावा खुशाल, पर तितलं खाऊ नगा. शाना हाय त्यो. आपल्यात कुनाचं मीठ खाल्लं की त्याच्या तोंडावर न्हाई म्हनता येत न्हाई. म्हनून तर सोयरीक ठरंस्तवर आपन समोरच्याच्या घरात पानी बी पीत न्हाई, आनि शेळ्यांचा यापारी आला तर भाव जुळल्याबिगर त्याची इडी वडत न्हाई. शहरातल्या मानसाला ह्यातलं काय कळनार? तिनं आपलं कौतिकानं बोलावलं, आसंच मी धरून चालले.

आता आत काय हाय म्हनून इचारशील तर — न्हाई इचारत? बरं, न्हाई इचारत. तरी सांगते, मला ती कुनाला तरी सांगायचंच हाय, आल्यापास्नं तू इचारायची मी वाट बगतीया आनि तू इचारलंच न्हाईस. मी नवरी हुऊन आले तवापास्नं त्या बंगल्याखालच्या वाटंनं शेळ्यांमागं धरनाच्या पान्याला जातीया. वर रंगीत काचा. सांजंला आत दिवा लागला की लाल-पिवळ्या व्हायच्या, आनि मी मान वर करून चालायची, ठेचकाळायची. आमच्या ह्यास्नी एकदा म्हनले, आत काय आसंल वो, तर म्हनले, तितं काय ठिवलंय तुजं? काय ठिवलंय ती आत गेल्याबिगर कसं कळावं. तर आता कळलं. दाराला पितळंच्या कड्या, तोंड दिसंल आशा घासलेल्या. फरशीवर येलबुट्टी, लुगड्याच्या काटावर आसती तशी, आनि थंडगार. मी वहाना काडल्या तर म्याडम म्हनली, आसू द्या आजी. म्हनले, न्हाई बाई, पायाला बरं वाटतंय. जिना लाकडाचा, पर एक पायरी वाजत न्हाई. वरच्या भिंतीला राजेसाहेबाचा फोटू, हातात बंदूक, म्होरं मेलेला वाग, आनि पार कडंला रान उटवायला नेलेली मानसं उबी — मुंडासं, खांद्यावर घोंगडं. आपलीच ग. मी जवळ जाऊन एकेकाचं नाक बगत बसले, आपल्या मामंजींच्या वळनावर कुनी दिसतंय का. म्याडमनं सांगितलं, खाली राजेसाहेबाचं नाव लिवलंय, वाग केवडा हुता ती लिवलंय. म्हनले, आनि ही? तर तिनं बिचारीनं वाकून परत एकदा लिवलेलं वाचलं. चांगली हाय ती पोरगी, मी खोटं कशाला बोलू.

मग न्हानी दावली. तानू, आपल्या घराएवढी न्हानी. मधी पांढरंफेक घंगाळ, त्याला पाय, आनि मानूस लांब हुऊन झोपंल येवडं मोटं. अपेक्षा म्हनून एक पोरगी हाय कामाला, भरे गावची, तिनं नळ सोडून दिला आनि म्हनली, बसा आजी, मी भाईर हाय. गळ्यापातूर गरम पान्यात बसले. गुडघं दुखायचं थांबलं ग. किती सालांनी थांबलं, मला तर इसर पडला हुता की गुडघं न दुखता बी आसत्यात. मग मनात आलं, हे पानी कुटलं? — कुटलं आसनार, धरनाचंच, पंपानं वर घेतलेलं. आपला सगळा कळप पिऊन वर उरंल येवडं पानी मी एकली अंगाखाली घिऊन बसलेली. तवाच उटाय पायजे हुतं. न्हाई उटले. उलट हाक मारून म्हनले, अपेक्षा, जरा कडत सोड.

हसू नगस. — हसत न्हाईस व्हय. मला वाटलं हसलीस. रातच्याला टेबलाव बसवलं. धनाजीचं बोलनं ध्यानात हुतं, म्हनून आदीच सांगितलं, मला उपास हाय. तर म्याडम म्हनली, मग साबुदाना करायला सांगते. आता काय बोलनार? मानूस आत पळत गेलं बी. मी म्हनले, थांबा थांबा, उपास उद्या हाय, माजी गल्लत झाली. मग आलं ताट. चांदीचं ताट, आनि त्यात काय? नाचनीची भाकर, ठेचा, आळूचं फदफदं. आपलंच जेवान, फकस्त भाकर पुरीएवढी. म्याडम शेजारी बसून जेवली, माज्याबरूबर, हातानं. मी तीन भाकरी खाल्ल्या. पोट भरलं हुतं तरी खाल्ल्या.

तर आसं झालं. आनि सकाळच्याला च्या पिताना ती म्हनली, आजी, एक इचारू का, रागवायचं न्हाई. ती खालची वाट. आमची पावनी मानसं तितं फिराय जात्यात, लेंड्या पडत्यात, वास येतो म्हनत्यात. शेळ्या डांबरीनं नेल्या तर चालंल का? आता मी काय म्हनायचं तानू? रातभर तिचं मीठ पोटात. म्हनले, चालंल. त्या वाटंचा कागद ना त्यांच्यापाशी ना आपल्यापाशी, नुसती वहिवाट, वाडी आडवी आली आसती तर त्यास्नी तितं गेट घालताच आलं नसतं, ठावं हाय मला. आनि वाडी म्हनजी काय — थोरलं मानूस बोलंल ती. कासार आंबोलीचा शेतकरी वावरात खतासाठी शेळ्या बसवायला माज्या नुसत्या शब्दावर वावर मोकळं ठिवतो, दुसऱ्या कुनाला इचारत बी न्हाई. थोरलीनं चालंल म्हनलं की झालं. त्या मिठानं बांदलं मला, दुसरं काय.

काय? — दोन दिसांनी जाऊन सांगाय यत नव्हतं का? यत हुतं. गेट बसवाय लागले तवा? — तवा बी यत हुतं. मी बगितले ते खांब, सिमिट कालवत हुते, मी लांबनं बगितलं आनि वळून घरी आले, तुला म्हनले आज गुडघं धरलेत. आशी बगू नगस ग माज्याकडं. शिव्या दे पायजे तर.

बरं, मग ऐक. मीठ-बिठ काय न्हाई. ती मी मागनं जोडलं, माज्या मनाला बरं वाटावं म्हनून. तुला वाटत आसंल म्हातारी रातच्याला खाली घोंगडं टाकून निजली आसंल. न्हाई. स्टुलावर पाय दिऊन पलंगावर चडले आनि निजले, आनि आशी निजले की लगीन झाल्यापास्नं निजले नव्हते. कुनी उटवलं न्हाई, कुनी खोकलं न्हाई, करडू वरडलं न्हाई. उजाडलं आनि खिडकीखालनं शेळ्या आल्या. तुज्याच. धनाजीची शीळ मी झोपेतच वळखली. उटले, पडदा सारला — आनि तू वर बगत हुतीस. डोळ्यावर हात धरून. आक्का कुटल्या खिडकीत हाय म्हनून हुडकत हुतीस. काच उगडी हुती ग, एक हाक मारली आसती तर तुला आली आसती. मी मारनारच हुते. तेवड्यात वास आला. शेळ्यांचा. जल्माल्यापास्नं त्या वासातच हाय मी, मला कदी यतच नव्हता त्यो, आनि त्या पांढऱ्या चादरीत उबी ऱ्हाऊन आला. मी नाकाला पदर लावला तानू. आनि खिडकी लावून घेतली. मीच, ह्या हातानं. तू अजून वरच बगत हुतीस. मी जाऊन परत निजले.

आनि म्याडमचं बी मघा मी धड सांगितलं न्हाई. तिनं समदी वाट मागितलीच नव्हती. ती म्हनली, सकाळचं तेवडं दोन-तीन तास आजी, पावनी फिरून आली की मग तुमी शेळ्या न्या, आमचं काय म्हननं न्हाई. मी म्हनले, सकाळचं तरी कशाला, बंदच करून टाका, वास तर दिवसभर येतोच. — आसं म्हनले मी. वास येतोच. ती म्हनली, नक्की चालंल ना आजी? दोनदा इचारलं बिचारीनं. धाकट्या जावंला इचारून सांगते, आसं बी म्हनता आलं आसतं. पर मला म्हनायचं हुतं की मी तितली पावनी हाय. वाटंवरची न्हाई. झालं, एवढंच हाय बग, आनि त्यापायी तुजी गाभन शेळी गेली, आनि काल धनाजी त्या मोटारीखाली गावला आसता तर मी तुला काय तोंड दाखवलं आसतं.

न्हाई, मी न्हाई येनार तुज्यासंगं. यायला लाजत न्हाई मी, लाज तर आता काय उरली न्हाई. पर म्याडम म्हनंल, आजी आल्या, या, बसा, आनि मला त्यो जिना दिसंल, ती न्हानी दिसंल, आनि मी परत काय बोलून बसंन ह्याचा मला भरवसा न्हाई. खरं सांगतीया. अजून बी रातच्याला पडले की त्यो पलंग आटवतो मला. काल येवडं झालं, तरी काल बी आटवला.

तू जा. आत्ताच जा, ती आज हाय तितं. उबी ऱ्हाऊन बोल. बसा म्हनंल, बसू नगस. पानी आनंल, लई मायाळू हाय ती, तरी घिऊ नगस. आनि ती हेच म्हनंल की तुमच्या थोरल्या बाईनं शब्द दिलाय. तर तिला सांग, सारजाबाई आता थोरली न्हाई. वाडीची थोरली मी हाय, आनि मला चालत न्हाई. — वेड्यावानी कानावर हात काय ठिवतीस, मी हाय की जित्ती, मी सांगतीया म्हनूनच म्हनायचं. थोरलेपन काय वयानंच येतं आसं कुटं हाय? आदी हितं म्हन. माज्याम्होरं. जिभंला सवय हुऊ दे. — म्हन की. — आसं पुटपुटून न्हाई, मोट्यानं, तिला ऐकू जाईल आसं. — हां.

आता नीघ. धनाजीला बी सांग वाटंत, त्यानं बी हितनं म्होरं तुलाच इचारायचं. — अग, ए, ऊट. पाया काय पडतीस? थोरली कुटं धाकटीच्या पाया पडती व्हय. जा.