अर्धी शेंगापोळी

जळतो म्हणा हवं तर, पण आधी ऐका. भवानी पेठेतल्या आमच्या चादरीच्या कारखान्यात आठ वर्षं कॉम्प्युटर मीच सांभाळतोय. दर शनिवारी एकेकाच्या टेबलाशी जाऊन टेंपररी फायलींचा कचरा हातानं काढायचो. डिझाईन करणाऱ्या पद्माक्का तेवढ्यात डब्यातली शेंगापोळी पुढं करायच्या.

मग ही शबाना कामाला लागली. आठवड्याभरात तिनं एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली आणि सगळ्यांच्या कॉम्प्युटरमधला कचरा आपोआप साफ व्हायला लागला. मला कुणी बोलवेना. कधीतरी ही चुकेल, एवढीच आशा उरली होती.

परवा पद्माक्कांची हाक आली, "माझी डिझाईन गेली की हो." मी पळतच गेलो. पद्माक्का मेलमध्येच फाईल उघडतात आणि तिथंच सेव्ह करतात, म्हणजे ती टेंपररीतच पडते. मालक उभेच होते. मी म्हणालो, "न विचारता पुसलं की असंच होतं."

शबाना शांतपणे म्हणाली, "पुसली नाही सर. मी महिनाभर बाजूला ठेवते, मगच पुसते." आणि दोन मिनिटांत डिझाईन परत आणून दिली.

मालकांनी विचारलं, "तुला हे सुचलं कसं?"

"सरांनीच सांगितलं होतं की पहिल्या दिवशी, पद्माक्का फायली कुटं ठेवतात ते."

पद्माक्कांनी डबा उघडला, अख्खी शेंगापोळी तिच्या हातावर ठेवली. मग माझ्याकडं बघून तिला म्हणाल्या, "सरांनाबी अर्धी दे की."