सगळं छान आहे म्हणतात

नको नको, कॉफी नको अक्का — बरं, ओतलीच आहे तर द्या अर्धी. अक्का म्हटलं तर चालतं ना? आमच्या लातूरकडंही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. आणि बघा, वरीस होऊन गेलं आम्हाला ह्या गल्लीत, तुम्ही इथं, आम्ही समोर गच्चीवरच्या खोलीत, आणि तुम्हाला मराठी येते हे मला कळलं कधी? तर काल! भाजीच्या गाडीपाशी. तुम्ही फोनवर म्हणालात, "तुकोजी, जेवूनच जा रे," आणि माझ्या हातातली वांगी सुटून रस्त्यावर गेली. भाऊ का तुमचे? हां. तंजावरचे म्हणजे — पिढ्यान्‌पिढ्या इथलेच तुम्ही. बाई गं. म्हणजे मी ज्या माणसाला वर्षभर शोधत होते, ते माणूस रोज सकाळी माझ्यासमोर दारात कोलमची रांगोळी काढत होतं.

तर काम एवढंच होतं, की उद्या रेवाच्या शाळेत माझ्यासंगं याल का? रेवा माझी पोरगी, चौथीत आहे. तिच्या टीचरनं बोलावलंय — श्रीविद्या टीचर, मायाळू बाई आहेत — पण त्यांना मराठी नाही, मला तमिळ नाही. रेवाच्या बाबांना सुट्टी मिळत नाही, गिंडीला कारखान्यात मशीनवर असतात, आणि त्यांची तमिळ म्हणजे शिव्या धरून मूठभर. काय झालं म्हणून बोलावलंय? काही नाही हो, हट्ट. पोरीनं तमिळ बोलायचं सोडलंय. येत नाही असं नाही — हिच्याइतकी तमिळ मला आली असती तर! पण वर्गात विचारलं तर तोंड उघडत नाही, मैत्रिणींत नाही, दुकानात नाही. खालच्या मजल्यावरची कीर्तना तिची जिवाची मैत्रीण, ती हाका मारून दमते. घरात माझ्याशी तेवढी मराठी, तीही "हो" आणि "नको". तुम्ही फक्त टीचरना सांगा, पोर जरा लाजाळू आहे, होईल नीट. एवढंच.

लाजाळू? नाही, लाजाळू कसली! गावाकडं तिचा आवाज वेशीपर्यंत जायचा. सकाळी घरातून सुटली की कुणाच्याही चुलीपाशी जेवायची, कुणाच्याही म्हशीमागं हिंडायची, आम्हाला शोधावी लागायची नाही — आवाजावरून कळायचं कुठल्या आळीत आहे. इथं आलो नि एक खोली, एक दार. पहिले काही महिने मी ते दार लावूनच ठेवायचे, काय करू, बाहेरचं काही कळायचं नाही, भीती वाटायची. ती खिडकीत बसून खालच्या पोरांचं ऐकायची. ऐकून ऐकून शिकली, अक्का! एक दिवस गॅसवाला आला, मी नुसती हात हलवतेय, आणि ही मागून पुढं आली नि त्याच्याशी असं घडाघडा बोलली की तो हसायला लागला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवशी गोडाचा शिरा केला.

मग काय — मग सगळं तिच्यावरच. दूधवाला, रेशन, बस, बँक, पोस्ट. घरमालक वर आला की मी पदर ओढून आत, नि ही दारात. तो ओरडायचा तिच्यावरच — पाणी जास्त वापरता, कपडे इथं वाळत घालता — आणि मी आतून विचारायची, काय म्हणतात गं? तर म्हणायची, "काही नाही आई, ठीक आहे म्हणतात." एवढा लाल होऊन ओरडणारा माणूस ठीक आहे म्हणेल का? मला कळायचं की. कळायचं, आणि बरं वाटायचं. पोर मला वाईट ऐकू देत नाही, केवढी समजूतदार, असं मी तिच्या बाबांना कौतुकानं सांगायची. शाळा असली तरी न्यायची तिला. एक दिवसानं काय होतंय, मी म्हणायची. असे किती एक दिवस झाले ते टीचरना विचारा.

तसंच मग दवाखान्यातही.

मला — तुम्हाला माहीत नसेल — मला दिवस गेले होते. चौथा सरत आला होता. सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी होती, इथं स्कॅन म्हणतात, आणि ह्यांना नेमकी तेव्हाच पाळी आली कामाची. म्हणून रेवाला नेलं. शाळेच्या कपड्यांतच. डॉक्टरीण तरुण होती, दमलेली. पडद्याकडं बघत राहिली, मग दुसरीला बोलावलं, मग त्या दोघी बघत राहिल्या. बाहेर ही गर्दी. मला काहीतरी विचारलं, मी रेवाकडं बोट दाखवलं — नेहमीसारखं. तर डॉक्टरीण जरा थांबली, पोरीकडं बघितलं, तिचंही मन होत नसेल — आणि मग बोलली. लई वेळ नाही, थोडंच. नर्स म्हणाली, "अम्मा किट्ट सोल्लु, पाप्पा." एवढं मला येतं. आईला सांग, बाळ.

रेवा माझ्याकडं वळली नि म्हणाली, "आई, सगळं छान आहे म्हणतात. नंतर बाबांना घेऊन या म्हणतात."

अजून काय म्हणाल्या? म्हटलं. "काही नाही."

बसमध्ये खिडकीपाशी बसली. मला म्हणाली, आई, बाळाचं नाव ठरवलंयस का तू? म्हटलं, अजून नाही, तू ठरव. तर माझ्या मांडीवरची पिशवी तिनं आपल्याकडं ओढून घेतली. त्या दिवसापासून मला बादली उचलू देईना. भांडी घासायची. दुपारी शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्या पोटाला कान लावून बसायची — मी म्हणायची, काय ऐकतेस गं वेडे? ती बोट ओठावर ठेवायची. गप्प बस म्हणून. कितीतरी वेळ ऐकायची, अक्का. ह्या कानानं, मग त्या कानानं.

नाही, असू द्या, पाणी नको. डोळ्यांत काही नाही.

मग मला ताप भरला. थंडी वाजून दात वाजायला लागले. कीर्तनाच्या आईनं रिक्षात घातलं. हे कारखान्यातून धावत आले. तिथं एका नर्सला हिंदी येत होती, ती ह्यांच्यावर ओरडली — तेव्हाच सांगितलं होतं ना, बाळाचे ठोके थांबलेत, दुसऱ्या दिवशी येऊन भरती व्हा, कुठं होतात एवढे दिवस? विष झालं होतं अंगात. वाचले ती वाचलेच. ह्यांनी व्हरांड्यात रेवाला विचारलं, तर तिनं सगळं सांगितलं — शब्दाला शब्द, तमिळमधलं मराठीत, जसं डॉक्टरीण बोलली तसं. तिला सगळं पाठ होतं.

आणि मग ती माझ्या खाटेपाशी आली. हातात इडलीचा डबा होता. आणि मी — शुद्धीवर होते हो मी, तापात बरळले असं मी ह्यांना सांगितलंय, पण नाही, शुद्धीवर होते — मी म्हटलं, तोंड दाखवू नको मला. तुझ्यामुळं मेले असते मी. मोठ्यांदा म्हटलं. एवढा मोठा वॉर्ड, इकडून तिकडं खाटाच खाटा, सगळ्या बाया बघायला लागल्या. कुणाला एक अक्षर कळलं नाही. त्या सगळ्या वॉर्डात ते कळणारी एकटी तीच होती.

तेव्हापासून बोलत नाही. हट्ट कसला — मीच म्हणते हट्ट, दुसरं काय म्हणू? ह्यांना तिनं विचारलं, "मी लगेच सांगितलं असतं तर बाळ राहिलं असतं का?" म्हणजे बघा, पोर काय घेऊन बसलीय. बाळ तर आधीच गेलेलं होतं, तिनं सांगितलं काय नि न सांगितलं काय! हे म्हणाले, तू सांग तिला, तुझं ऐकेल. आणि मी कूस बदलली. म्हटलं, डोकं दुखतंय.

का म्हणून? काय तरी विचारता अक्का. राग होता मला. एवढी शहाणी पोर, आणि —

नाही. राग नव्हता.

अक्का, त्या नर्सनं माझा हात धरला होता. स्कॅन झाल्यावर. उठताना तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला नि दाबला. चांगली बातमी असली तर एवढ्या गर्दीत कुणी हात धरून उभं राहतं का? राहत नाही. मला तेव्हाच कळलं. एक अक्षरही नाही कळलं, पण कळलं. आणि पोरीचं तोंड — पांढरं पडलं होतं पोरीचं तोंड, मी आई आहे, मला दिसलं नाही होय? पण तिनं म्हटलं छान आहे, आणि मी म्हटलं, बरं. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. ह्यांनाही म्हटलं, सगळं छान आहे म्हणतात. घरमालकाचं जसं तिच्या तोंडात ठेवलं, तसं हेही ठेवलं. आणि आठवडाभर — ती कान लावून बसायची, आणि मी तिच्या केसांतून हात फिरवत बसायची, आणि मला माहीत होतं. मग निस्तरायची वेळ आली तर तिलाच म्हटलं, तुझ्यामुळं!

हे मी कुणाला बोलले नाही. ह्यांनाही नाही. तुमच्याकडं शाळेचं काम घेऊन आले होते मी, आणि काय बोलत बसले.

काय म्हणता? तुम्ही सांगाल तिला? नको. नाही, नको अक्का — तुमचं मन मोठं आहे, पण परत दुसऱ्याच्याच तोंडून होईल ते. शाळेतही उद्या नको. परवा जाऊ, नाहीतर नंतर कधी. टीचरना काय, लाजाळू आहे म्हणून सांगायचं? खोटंच की ते.

थांबा, त्या आल्या बघा. कीर्तना पुढं चाललीय नि ही मागं. बघा कशी चालते, भिंतीकडेनं. गावात वाटेच्या मधून चालायची. — रेवा! रेवा, इकडं! वर नको जाऊस, इकडं ये, ह्या अक्कांकडं! — थांबली. येतेय. कॉफी सांडली बघा तुमच्या जमिनीवर, पुसते मी नंतर.

ये. बूट राहू दे. आत ये, ये गं. ह्या अक्का, ह्यांना मराठी येते — नाही नाही, तुला काही बोलायचं नाही त्यांच्याशी, काही विचारून सांगायचं नाही मला. दप्तर काढ. बस इथं, माझ्यापाशी. इकडं बघ, माझ्याकडं.

अक्का — घर तुमचंच आहे, मी सांगू नये — पण जरा आत जाता का?