रविवारची गोळी

गोळी कशी देऊ नये, हे कुणी मला विचारावं. आमची सई पाचवीत. लातुरात पाचवी म्हणजे शाळा आणि तिथूनच पुढे शिष्यवृत्तीचा क्लास. रोज संध्याकाळी तिच्या खांद्यांवर पित्ताच्या लालभडक गांधी उठायच्या. मी आधी शेंगदाणे बंद केले, मग वांगी. सासूबाई आमसूल चोळत म्हणायच्या, "पोरीला उष्णता लई झालीय."

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "दप्तराचे पट्टे खांद्यावर दाबतात, त्यानं काही तासांनी पित्त उठतंय. दप्तर हलकं करा आणि ही गोळी रोज द्या, खाज नसली तरी."

"हिनं झोप येते का हो?"

"फारशी नाही. कुणाकुणाला थोडी."

त्या 'थोडी'नं माझा जीव खाल्ला. पोरगी टेस्टमध्ये पेंगली आणि तिला खालच्या बॅचमध्ये टाकलं तर? म्हणून मी गोळी फक्त रविवारी, क्लासच्या सुट्टीला द्यायला लागले.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना म्हटलं, "गोळीला गुण आहे, पण एकाच दिवसाचा. मी रविवारी देते, त्या दिवशी एकही गांध उठत नाही. सोमवारी परत तेच."

डॉक्टर सईकडे वळले. "रविवारी दप्तर कुठं असतंय गं?"

"खुंटीला."

"मग ताई," ते शांतपणे म्हणाले, "रविवारी खांदा खुंटीचा दुखतोय. तिला द्या गोळी. पोरीला उद्यापासून रोज."