कूलरसमोरचा साहेब

स्कॉलरशिपचं नाव काढू नका माह्यासमोर, अजून डोकं तापते. मी बारावीत होती. इंजिनीअरिंगसाठी एका ट्रस्टच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरला होता. मार्कांवर नाव लागलं, आता फक्त घरची परिस्थिती पाहाले त्यांचा साहेब येणार होता. भिलाईजवळच्या बोरसीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, अन् बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाले.

पण आईसाठी तो पाहुणा! तिनं बाजूच्या काकूंचा कूलर आणला, वरच्या वहिनीचे काचेचे कप आणले, पलंगावर मागून आणलेली नवी चादर टाकली. मी म्हटलं, "आई, तो आपली गरिबी पाहाले येऊन राहिला. राहू दे ना जसं आहे तसं!"

माह्यावरच भडकली. "घरी आलेल्या माणसाले घामात बसवू का?"

साहेब आला. कूलरसमोर खुर्चीत पाय पसरून बसला. तर्रीपोहे दोनदा मागून खाल्ले. आई चहा ठेवाले आत गेली, तसा रुमालाले हात पुसत मले म्हणतो, "बेटा, आप लोग तो अच्छे-खासे हैं. ये किसी ज़रूरतमंद को मिलना चाहिए."

"सर, कूलर पड़ोस का है! कप भी!"

हसला तो. "सब यही कहते हैं."

अन् उठून चालता झाला. असा संताप आला होता मले, की प्लेट फेकून मारावी. तेवढ्यात आई ट्रे घेऊन बाहेर आली. रिकामी खुर्ची पाहून घाबरली बिचारी.

"काहून गेले गं? पोहे तिखट झाले का?"