दुकानदाराचा तिसरा प्रश्न

मंत्र्यांना अडवून प्रश्न विचारणारा बातमीदार मी, पण मला गप्प केलं ते आमच्या बुलढाण्यातल्या एका किराणावाल्यानं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. बायको वारल्यापासून तिच्यासारखी कॉफी मला काही जमेना, म्हणून दुकानात गेलो. त्यानं कॉफीचा पुडा काढला. मी वास घेतला आणि भडकलो, "यात अर्धी चिकोरीच्या मुळांची भुकटी आहे! दाणे द्या, तपकिरी भाजलेले. जळके नकोत."

"भाऊ, घरी कोनी बिमार हाय काय?"

"कोणी नाही."

"मंग पाहुने आले?"

"कोणी नाही!"

आमच्याकडं कॉफी या दोनच कारणांनी होते. दाणे तोलता तोलता त्यानं विचारलं, "मंग घरी हाय तरी कोन?"

उत्तर तेच होतं. मी नुसते दाण्यांचे पैसे मोजत राहिलो.