ताईचा हात

नको, नको, नर्सबाई, रक्त काढायचा तो पट्टा दंडाला बांधू नका — ताई येऊ दे आधी. तुम्हाला घरात घेतलं आणि दोरा संपला म्हणून बाहेर पडली, येईलच आता. काही मिनिटांनीच मोठी आहे माझ्याहून, पण तोरा बघा, ताई म्हटल्याशिवाय ओ देत नाही! जुळ्या आम्ही, म्हणून तर तुमच्या डॉक्टरांना आमचं कोण कौतुक — म्हणाले, जनुकं दोघींची तीच, पण म्हातारपणी कुणाची कामाला जुंपलेली राहतात, कुणाची पेंगायला लागतात. जागी असली की मेंदूची डागडुजी चालू, पेंगली की — जाऊ दे. आमची मागच्या तपासणीत टक्क जागी निघाली, दोघींचीही!

चहा घेता? टाकते हं — अगंबाई, गॅसची बटणं कुठायत? ताई पर्समध्ये घालून गेली असणार. विसराळू झालीय हो बिचारी. परवा एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच बेतल्या, आणि वर मलाच म्हणते, कात्री तुझ्या हातात होती! जन्म गेला माझा कापड बेतण्यात, मी कशी चुकेन? बाह्या उसवत होती आणि रडत होती — मला भीतीच वाटली तिची.

हो, हो, सुई. धसका आहे मला तिचा — हसू नका, शिवायची वेगळी, टोचायची वेगळी. शाळेत लस द्यायला आले की ताई दोनदा रांगेत उभी राहायची, एकदा तिच्या नावाने, एकदा माझ्या. कुणाच्या बापाला कळत नसे. अजूनही तेच — मागच्या वेळी तुमच्याऐवजी दुसऱ्या बाई होत्या, ताई आत गेली, चष्मा बदलून बाहेर आली, झालं! दोन्ही नळ्यांत तिचंच —

असं काय बघताय?

निकाल आला ना, जागी आहेत म्हणून. दोघींची. ताईची आणि — थांबा. ताईची आणि ताईचीच. मग माझी?

दोरा संपला म्हणाली ना ती? हा बघा मशीनचा खण — रिळंच रिळं. पांढरा, काळा, सगळा आहे. मुद्दाम गेली. आयुष्यभर माझ्या वाटचं टोचून घेतलं आणि आज मला एकटीला सोडून गेली.

ठेवा ती सुई आत. मला काही कळून घ्यायचं नाही. निघा तुम्ही, निघा म्हटलं ना!

दार ओढू नका उगीच. ती जाताना बाहेरून कडी घालते — हल्ली रोजच.