कमीत कमी टेबलं

ऑपरेशन थिएटरबाहेर फरशी पुसणाऱ्या मावशींचा हात चालू होता, पण कान बाकावरच्या बापलेकींकडे होते. म्हातारेबुवांच्या मांडीवर पेन्सिलीनं लिहिलेली यादी होती.

"आईच्या वाढदिवसाला एकवीस माणसं. ज्यांचं पटत नाही, ती एका टेबलावर नकोत. कमीत कमी टेबलं किती? यातच डॉक्टरेट केलीस ना तू?"

"केली, बाबा. पण अगदी अचूक उत्तर हवं असेल तर घाम निघतो. एक नाव वाढलं की काम दुप्पट. एकविसांचे वीस लाखांवर गट होतात."

"मग एक नाव कमी कर."

"कुणाचं?"

"तुझ्या आईचं. सकाळी डॉक्टरांचं तोंड पाहिलंस ना?"

"काहीतरीच काय बोलता! आणि आईमुळे काम वाढतच नाही. तिचं कुणाशी वाकडं आहे? ती कुठल्याही टेबलावर बसेल."

"मग काम वाढतं कुणामुळे?"

"काकामंडळींमुळे, मामामंडळींमुळे. तुमचंही सोपं आहे. तुमचं एकूणएक पाहुण्यांशी भांडण, त्यामुळे तुम्हाला एक वेगळं टेबल दिलं की झालं."

"एकट्याला?"

"एकट्याला."

तिला आत नेलेल्या बंद दाराकडे म्हातारेबुवांनी पाहिलं.

"ती कुठेही बसेल म्हणालीस ना?"

"हो."

"मग माझ्या टेबलावर लिही तिला. पेन्सिलीनं नको. पेन काढ."